बाळाला पाणी, गायीला वरण

मित्रांनो, बटण दाबले की गाणे म्हणणारी यंत्रे तुम्हाला फार आवडतात हे मला ठाऊक आहे. तरी क्षणभर माझ्याकडे पाहा. मी पितळेचे जुने पुरणयंत्र आहे. मला तीन पाय आहेत, फिरवायला एक दांडा आहे आणि दोन जाळ्या आहेत, एक बारीक भोकांची आणि एक मोठ्या. गाणे मला येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिराने मला घडवले, आतून कल्हई केली आणि इंदूबाईंच्या लग्नातल्या भांड्यांबरोबर मी रायपूरला आले. त्यांचे यजमान अनंतराव रेल्वेत होते. होळीला आणि पोळ्याला क्वार्टरमध्ये माझा मान असे. शेजारणी मला मागून नेत आणि परत आणताना माझ्याबरोबर गरम पोळ्याही आणत. इंदूबाई माझ्या जाळ्या स्वतः धूत, पुसत आणि उन्हात वाळवत.

मग इंदूबाई गेल्या. अनंतराव मुलगा शिशिर आणि सून मंजिरी यांच्याबरोबर रायपुरातल्याच तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. पुरणपोळ्या विकत येऊ लागल्या. वर कणकेचा जाड थर आणि आत औषधापुरते पुरण. मला फ्रिजवर ठेवले आणि माझ्यात कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे भरले. माणसांच्या अकलेविषयी मी तेव्हाच मत बनवून ठेवले.

फ्रिजवरून सगळे स्वयंपाकघर दिसते, शेजारचा देव्हाराही दिसतो. त्यामुळे पुढचे सगळे मी पाहिले आहे.

घरात निरंजन जन्मला. तो वरचे अन्न खायच्या वयाचा झाला तेव्हा शिशिरने त्याच्यासाठी एक पांढरे यंत्र मागवले. ते शिजवते, वाटते आणि काम झाले की गाते. गाजर घाला, सफरचंद घाला, भात घाला, बाहेर येते ती एकच गुळगुळीत लापशी. निरंजन ती जिभेने बाहेर ढकलायचा. मी त्याला दोष देत नाही. रंगारी भिंतीला लावतो ती पुट्टी अशीच दिसते.

अनंतरावांचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास डाळीच्या पाण्यावर. रोज कुकर उघडला, डाळ तळाशी बसली, की वरचे पिवळे पाणी ते अलगद वाटीत ओतत.

"शिशिर याच्यावरच वाढला," ते म्हणत. "सारी ताकद पान्यात असते."

असे म्हणणाऱ्या माणसाने ते पाणी आटवून खाली काय उरते हे कधी पाहिलेले नसते. तळाची डाळ कुठे जायची, ते ऐका. त्या घरात एक रीत होती. वरणाला फोडणी, तिखट आणि मीठ पडण्याआधी देवाची वाटी काढायची. मऊ भात, घट्ट वरण, वर तूप, बोटांनी नीट कालवलेले. नैवेद्य झाला की अनंतराव ती वाटी खाली नेऊन गायीला घालत. म्हणजे पाणी पोराला आणि डाळ गायीला.

गाय चांगली भरली होती. निरंजनचे वजन दोन महिने हलले नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळीही काटा इथेच राहिला तर दवाखान्यात ठेवून तपासण्या कराव्या लागतील. त्या दिवसापासून मंजिरी त्याला भरवताना हसेनाशी झाली. आणि शहाणे पुरुष काय करत होते? भांडत होते.

"बाबा, पानी में कुछ नहीं होता," शिशिर म्हणायचा.

"आन् तुया मशीनीत काय असते? शेंबूड!"

"डॉक्टर लोग भी यही बताते हैं."

"कोन्ता डाक्टर? मोबाइलमधला?"

एका दुपारी वीज गेली. पांढरे यंत्र गप्प झाले, पोटात कच्चे गाजर घेऊन. मंजिरीच्या कडेवर निरंजन भुकेने रडत होता. अनंतरावांनी नुकतीच देवापुढे वाटी ठेवली होती आणि ते घंटा वाजवत होते. मंजिरीने हात लांब करून वाटी उचलली आणि एक घास निरंजनच्या तोंडात घातला.

"मंजिरी, काय करून राहिली? देवाचं हाये ते!"

"माहीत आहे, बाबा. देवानं आजवर एकदा तरी वाटी संपवली का?"

निरंजनने घास बाहेर ढकलला नाही. त्याने तो तोंडात इकडून तिकडे फिरवला, हिरड्यांनी चावला. भाताची शिते आणि डाळीचे कण होते, म्हणजे तोंडाला काहीतरी काम होते. घास गिळून त्याने वाटीकडे हात केला. वाटी रिकामी झाली.

अनंतरावांनी घंटा खाली ठेवली. ते म्हणाले, "कुकरमंधी अजून हाये. मीठ नाही टाकलं मी." मग त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवले. "तुया सासूचं पुरणयंत्र हाये तिथं. मोठ्या जाळीतून काढत जा. मऊ होते, पन पार लगदा नाही होत."

माझ्यातले चिमटे जमिनीवर ओतले गेले. मी ताठ उभी राहण्याच्या बेतात होते, तेवढ्यात मंजिरीने आत डोकावून पाहिले. "कल्हई उडाली आहे. यात बाळाचं नको." माझा अपमान झाला. पण तिचे बरोबर होते आणि हे कबूल करताना मला मुळीच आनंद होत नाही. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पुरानी बस्तीत गेली. तिथल्या कल्हईवाल्या भैय्यालालने मला उलटसुलट केले आणि म्हणाला, "हव दीदी, चांदी जइसे चमका देहूं." आणि मला खरेच चांदीसारखे चमकवून त्याने शब्द पाळला.

आता कुकर उघडला की आधी दोन वाट्या निघतात, मग फोडणी होते. पहिली वाटी निरंजनची. "देव थांबते," असे अनंतराव म्हणतात. भात, वरण आणि उकडलेले कोहळे, म्हणजे लाल भोपळा, हे सगळे माझ्या मोठ्या जाळीतून उतरते. दांडा तेच फिरवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

डॉक्टरीणबाईंचा काटा पुढे सरकला. तिथून आल्यावर मंजिरीने निरंजनला भरवले आणि भरवता भरवता ती हसली. मग तिने माझ्या जाळ्या काढल्या, धुतल्या, पुसल्या आणि उन्हात ठेवल्या.

मित्रांनो, जुन्या भांड्यांचे कौतुक करून त्यांना फ्रिजवर बसवू नका. त्यांना वापरा, कोरडी ठेवा. माझ्यासारख्यांची कल्हई बघत जा आणि आंबट काही आत घालू नका. आणि मोठी माणसे बाळाच्या नावाने भांडू लागली, तर तळाची डाळ कुठे जाते एवढे त्यांना विचारा.

निरंजनला दाढा आल्या की माझे रोजचे काम संपेल. मी पुन्हा फ्रिजवर जाईन, पण रिकामी आणि स्वच्छ. चिमट्यांसाठी ते पांढरे यंत्र आहे. त्याचे झाकण छान घट्ट बसते.