संध्याताईंचं उंच स्टूल

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातलं एक जुनं, उंच लाकडी स्टूल आहे. माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. धोंडिबा सुतारांनी ओट्याचं माप घेऊन माझे पाय कापले, मागे पाठ टेकायला फळी लावली आणि मला बदलापूरला, कात्रपमध्ये संध्याताईंच्या घरी पोहोचवलं.

संध्याताईंना संधिवात होता. सकाळी बोटं आखडायची, गुडघे सुजायचे. माझ्यासारखं स्टूल करून घ्या, असं त्यांना सांगितलं ते किर्ती मॅडमनी. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखणं सांभाळून रोजची कामं कशी करायची ते शिकवणाऱ्या.

"हे दुखणं पूर्ण जाणार नाही, ताई," त्या म्हणाल्या. "पण दमल्यावर बसू नका, दमायच्या आधी बसा. मग संध्याकाळी पण अंगात जीव राहील."

तसंच झालं. ताई माझ्यावर बसून भाजी चिरायच्या, चपात्या लाटायच्या. संध्याकाळी लेकीची वेणी घालायलाही त्यांचे हात चालायचे. कधी कधी त्या गुणगुणायच्या, तेव्हा मला माझ्या असण्याचा आनंद व्हायचा.

बुद्धपौर्णिमेला पाहुणे येणार होते. ताई नवऱ्याला, राजरत्नदादांना, म्हणाल्या, "अहो, आज स्टूल बाल्कनीत ठेवा. उगाच सगळे विचारत बसतील."

दादा थबकले. "त्रास होईल गं तुला."

"एका दिवसाचं तर आहे."

दिवसभर उभ्याने त्यांनी खीर-पुरी केली. निघताना नणंद म्हणाली, "वहिनी, तू तर एकदम ठणठणीत दिसतेस! आम्ही फुकटचं टेन्शन घेतलं."

ताई हसल्या. त्या शब्दांनी त्या इतक्या सुखावल्या, की मला आत आणायचं त्यांच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशीही त्या उभ्याच राहिल्या, आणि पुढेही. दादांनी विचारलं की म्हणायच्या, "आता बरी आहे मी." माझ्यावर कोरफडीची कुंडी आली. ओट्यावर कोपर टेकून, डोळे मिटून उभ्या असलेल्या ताई मला काचेतून दिसायच्या. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही.

एका सकाळी चहाचं पातेलं त्यांच्या हातातून सुटलं. पाय भाजला. दादांनी फोन केला, तशा किर्ती मॅडम धावत आल्या.

"ताई, एवढं दुखत होतं, तर सांगायचं ना!"

"सगळे म्हणत होते, मी बरी दिसते," ताई रडत म्हणाल्या. "मला तसंच राहायचं होतं."

दादांनी मला लगेच आत आणलं. पण इतके दिवस उभ्याने काम करून दुखणं वाढलंय; आता ताईंचे गुडघे त्यांना माझ्यावर चढू देत नाहीत. बोटं लाटण्याभोवती मिटत नाहीत. मॅडम पुन्हा पहिल्यापासून शिकवताहेत; सध्या कप दोन्ही हातांनी धरायचा सराव चालू आहे.

मित्रांनो, आजारी माणूस हसलं म्हणजे ते बरं झालं, असं समजू नका. कुणी बसून काम करत असेल, तर त्याला कारण विचारू नका. त्याला बसू द्या, आणि जमलं तर शेजारी बसून थोडी भाजी निवडू लागा.