डाव्या हाताची नखं

अंबूबाईनं ती काडी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि विचारलं,

"ह्ये नख हाय का शेणकूट?"

संयोगिता, तिची नात, पुढच्या काडीवर वाकली. तिच्यापुढं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर आईस्क्रीमच्या लाकडी काड्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक काडीच्या टोकाला प्लास्टिकचं एकेक नख चिकटवलेलं. नखावर आधी चंदेरी रंग, त्यावर काळा. हा वरचा काळा साधासुधा नव्हता. वाळता वाळता तो आपला आपण फाटायचा आणि भेगांतून खालची चांदी डोकावायची.

"क्रॅकल म्हणतात ह्याला, आज्जी."

"भेगाळं म्हण की सरळ. आमच्या टाचांस्नी फुकट पडत्यात, त्या तुमी बाटलीत भरून इकत आणताय."

एरवी संयोगिता हसली असती. आज तिला हसू येत नव्हतं. महाद्वार रोडवरून तीन दुकानं धुंडाळून तिनं तीन बाटल्या आणल्या होत्या आणि सकाळपासून तिन्ही ताडून बघत होती. पहिलीची भेग रुंद पडायची, उन्हाळ्यात कळंब्याच्या तळ्याचं पाणी आटल्यावर काठाच्या गाळाला पडते तशी. दुसरीची बारीक, दुधावरच्या सायीला सुरकुत्या याव्यात तशी. तिसरीला भेग म्हणून पडायचीच नाही, नुसता चिकट गोळा व्हायचा. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मघाशी साय धरणारी बाटली आता गाळ फाडत होती, आणि गाळ फाडणारी गोळा होऊन बसत होती.

आणि चार वाजता क्रांतीच्या घरी जायचं होतं.

क्रांती भावकीतली, दोन घरं टाकून राहणारी. रविवारी तिचा साखरपुडा. तिला नखं अशीच हवी होती आणि ती करायला भावकीतल्याच दोघी पुढं आल्या होत्या. एक संयोगिता, नुकती कोर्स करून आलेली. दुसरी प्रियदर्शनी, अंबूबाईच्या थोरल्या जावेची, धोंडुबाईची नात. तिचं राजारामपुरीत चालतं पार्लर होतं. क्रांती शहाणी. ती म्हणाली, एक हात हिनं करावा, एक तिनं करावा. जिचं काम उजवं ठरेल तिच्याकडं साखरपुडाही आणि लग्नही.

तेवढंच असतं तर अंबूबाईनं नाक मुरडून विषय सोडला असता. पण गिरणीत दळणाच्या रांगेत धोंडुबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नखं रंगवायला पार्लर कशाला पायजे? तुमच्या संयूला एक पाट दे बसायला, बास." आणि अंबूबाईच्या तोंडून निघून गेलं होतं, "क्रांतीचं काम आमच्या पोरीला मिळालं, तर रस्त्याकडची खोली तिच्या पार्लरला. न्हाय मिळालं, तर कृष्णात म्हणतोय तसं गुंडूच्या मोबाईल दुकानाला."

घर अंबूबाईच्या नावावर होतं. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मुलानं, कृष्णातनं खोली भाड्यानं मागणाऱ्या गुंडूला जवळजवळ होकार दिला होता, तरी तो गप्प बसला.

संयोगितानं नवी काडी घेतली. कुंचला बुडवला, नखावर ओढला, मन भरलं नाही म्हणून पुन्हा ओढला, कडेला उरलेलं भरायला तिसऱ्यांदा टेकवला. काळा रंग ओठ आवळल्यासारखा गोळा झाला.

अंबूबाई बघत होती. बघता बघता तिचा उजवा तळवा तिच्याही नकळत मांडीवरून खाली उतरला आणि फरशीवर अर्धगोल फिरला. एकदाच. फिरला आणि उचलला गेला.

"बाटलीत खोट न्हाय," ती म्हणाली. "तुझ्या हातात हाय."

"आज्जी, तू आता नको हं..."

"गप. वल्या सारवणावर दुसऱ्यांदा कोण हात फिरवतंय? एकच हात, एका दमात. उचललास की पुन्यांदा तिकडं बघायचं बी न्हाय. आणि खालचं वाळलं हुतं का?"

"वाळलं की. जवळजवळ."

"जवळजवळ म्हंजे न्हाय." अंबूबाई पुढं सरकली. "आता ऐक. जाड थर, रुंद भेग. पातळ थर, बारीक भेग. अंगठ्याचं नख मोठं, त्येला जाड लाव. तितनं उतरत जायचं, करंगळीला निस्तं पुसल्यावानी. करंगळीला जाड लावलंस तर एकच भेग पडंल, कुत्रं चावल्यागत दिसंल. वाफा बघून पाणी."

संयोगितानं तिच्याकडं बघितलं, मग काडीकडं. पाच नवी नखं घेतली. चांदी लावली आणि हात मांडीखाली दाबून बसून राहिली, वाळेपर्यंत. मग काळा. एक ओढ, एक नख.

दोघी वाकून बघत होत्या. आधी काहीच झालं नाही. मग मोठ्या नखावरचा काळा रंग मधोमध तडकला, शेजारचा त्याच्याहून बारीक, त्याच्या शेजारचा आणखी बारीक. आणि करंगळीच्या नखावर चांदीचं जाळं उमटलं, कोळ्यानं विणावं तसं.

"आज्जी!" संयोगिता ओरडलीच. "तुला कसं गं ठावं ह्ये?"

"भेग पडू ने म्हणून जल्मभर मातीत हात घातला. पडू ने कशी, ह्ये ज्याला ठावं, त्येला पाडायची कशी ह्ये काय सांगाय लागतंय?"

ते खरंच होतं. तळ्याचा गाळ, शेण, तूस आणि राख कालवून अंबूबाईनं घातलेली चूल वीस वर्षं तडकायची नाही. कळंब्यात नवी सून आली, नवं घर झालं, की चूल घालायला अंबूबाईला बोलावणं यायचं, आणि ती चार घरं वाट बघायला लावून मग जायची. पुढं घरोघरी गॅस आला. चुली परसात गेल्या, मग तिथूनही गेल्या. बोलावणी थांबली. अंबूबाईनं तोंड वाजवायचं तेवढं सोडलं नाही.

"पण तुला शिकवलं कुणी?"

"कोण शिकवणार? आईनं. म्हायेरी, कोडोलीला."

अठ्ठेचाळीस वर्षं ती हेच उत्तर देत आली होती. आजही जीभ अडखळली नाही. फक्त हातातली काडी तिनं उगाच या हातातून त्या हातात घेतली.

क्रांतीच्या घरी पुढच्या सोप्यात चार वाजता दहा-बारा बायका जमल्या होत्या. धोंडुबाई गुडघ्यामुळं खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. कृष्णात दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. अंबूबाई भिंतीशी मांडी घालून बसली, पण मान अशी, की खुर्चीतलीलाच खाली बसल्यासारखं वाटावं.

"आलीस? पाट आणलायस का संयूला?" धोंडुबाईनं सुरुवात केली.

"आणला असता, आक्का. पण म्हटलं, हरल्यावर तुमच्या पोरीला बसाय लागंल. तिच्यासाठी ठेवला घरात."

बायका खिदळल्या.

उजवा हात प्रियदर्शनीकडं गेला. तिनं पेटी उघडली, गळ्यात चिमुकला दिवा अडकवला, परदेशी बाटली काढली. हात सफाईचा होता, नाव ठेवायला जागा नव्हती. पाचही नखांवर तिनं सारखा थर दिला, अगदी मापून दिल्यासारखा. काळा रंग तडकला. अंगठा देखणा झाला, मधलं बोटही. "अगं बया!" कुणीतरी म्हणालं. करंगळीवर मात्र एकच भेग पडली, आडवी आणि रुंद.

डावा हात संयोगितानं आपल्या मांडीवर घेतला. चांदी लावली आणि थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. कुणी पदर सारखा केला, कुणी घड्याळ बघितलं.

"काय गं, आंबं पिकायची वाट बघतीयास व्हय?" धोंडुबाई म्हणाली.

संयोगिताचा हात बाटलीकडं गेला.

"थांब," अंबूबाई म्हणाली. मग जावेकडं न बघता, "घाईनं घातल्याली चूल आणि घाईनं केल्यालं लगीन, दोन्ही पैल्या जाळालाच उलत्यात, आक्का."

एरवी अशा बोलण्याला धोंडुबाईकडून सव्वापट परतफेड व्हायची. यावेळी ती नुसती काठीवर बोटं फिरवत राहिली.

संयोगितानं खालच्या रंगाला बोटाचं टोक लावून बघितलं. डाग आला नाही. तिनं कुंचला बुडवला. अंगठा, एक ओढ. तर्जनी, थोडा निथळून एक ओढ. मधलं, अनामिका. करंगळीला तिनं कुंचला बाटलीच्या कडेला जवळजवळ कोरडा केला आणि नुसता पुसला. मग बाटली बंद केली.

सोप्यात कुणी हाललं नाही. काळा रंग तसाच बसून होता. अंबूबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं.

मग अंगठा फाटला. फाटला म्हणजे कसा, तर उन्हानं जमीन उलावी तसा, कुठं वाट वळवत, कुठं फाटा काढत. आणि तिथून भेगा बोटाबोटानं बारीक होत गेल्या, पार करंगळीच्या जाळ्यापर्यंत. पाची बोटं मिळून एकच नक्षी, अंगठ्यापासून निघालेली.

क्रांतीनं दोन्ही हात गुडघ्यांवर शेजारी शेजारी ठेवले. उजव्याकडं बघितलं, डाव्याकडं बघितलं. बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या.

"ह्यो हात," क्रांती म्हणाली आणि डावा वर उचलला. "आणि प्रियाताई, रागावू नगंस, पर उजवा पुसून संयूकडनं असाच करून घेती मी."

एकच गलका झाला. कुणी क्रांतीचा हात खिडकीकडं ओढला, कुणी फोनवर फोटो काढला, एका म्हातारीनं "पोरी, माझ्या नातसुनंला करशील का गं?" म्हणून संयोगिताचं मनगटच धरलं. अंबूबाई भिंतीला हात लावून सावकाश उठली, जोतिबाची पालखी खांद्यावर घेऊन उठावं तशी.

"कृष्णात," तिनं दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "त्या गुंडूला सांग, मोबाईलचं दुकान लिंबाखाली टाक म्हणावं. वारं बी लागंल."

कृष्णात हसला. "सांगतो की, आई."

प्रियदर्शनी पेटी आवरत होती. आवरता आवरता थांबली आणि क्रांतीची करंगळी हातात धरून बघू लागली. "संयू, खरं सांग, हे कसं केलंस? माझी बाटली तुझ्याहून भारी आहे."

"अगं, बाटलीचं काही नाही. अंगठ्याला जाड, करंगळीला पातळ. आमची आज्जी म्हणती ना, वाफा बघून..."

"पाणी," धोंडुबाई म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती. गलक्यात कुणाचं लक्ष गेलं नाही. अंबूबाईचं गेलं.

"आज्जीला तिच्या आईनं शिकवलंय ते," संयोगिता अभिमानानं सांगत होती. "कोडोलीला."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "कोडोलीची माणसं लई हुशार." आणि उठण्यासाठी तिनं काठी जमिनीला टेकवली.

अंबूबाईला सतरावं होतं तेव्हा. तिनं घातलेली पहिली चूल मागच्या वैलापासून पार तोंडापर्यंत उलली होती, आणि जोतिबाला गेलेली सासू सांजच्याला परत येणार होती. थोरल्या जावेनं, याच धोंडुबाईनं, परसाचं दार लावून घेतलं, गुडघे टेकले, धाकटीचा हात आपल्या हाताखाली धरला आणि मातीवरून फिरवला. एकदाच. कुणाला सांगू नगंस, ती म्हणाली होती, सांगितलंस तर म्हातारी दोघींस्नी बोलंल. अंबूबाईनं सांगितलं नाही. सासूला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी सांगितलं नाही.

"बस खाली, आक्का," ती म्हणाली.

"बसती कुटं. गुडघा धरलाय माझा."

"बस म्हंते न्हवं का. खोलीचा नारळ तू फोडायचास."

बायकांच्या माना वळल्या. या दोघींनी एकमेकींच्या दारात नारळ फोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मी?" धोंडुबाईनं भुवया चढवल्या. "कोडोलीचं कोण तरी आण की. तितली विद्या हाय."

"कोडोलीचं कोण आणू?" अंबूबाईचा आवाज चढला. "माझ्या आईची चूल कुंभारीण घालून जायाची. आईला धड पोतेरं घालता येत नव्हतं!"

सोपा हसून लोटपोट झाला. ही बाई सख्ख्या आईलासुद्धा सोडत नाही, असं म्हणत एकीनं कपाळाला हात लावला. संयोगिताही हसली, मग हसता हसता तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. "म्हणजे? आज्जी, तू तर..."

धोंडुबाई हसली नाही. तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली, खुर्चीत मागं टेकली आणि आपला उजवा हात संयोगितापुढं धरला. कातडी सैल झालेला, थोडा थरथरणारा.

"लाव," ती म्हणाली. "अंगठ्याला जाड..."

"ठावं हाय तिला," अंबूबाई म्हणाली.

ती जावेच्या खुर्चीशी खाली बसली आणि थरथरणाऱ्या हाताखाली आपला तळवा धरला.