डॉक्टरच्या तोंडावरचं फडकं

अरे, बनुबाईचा गाल असा सुजलेला, की डोळा मिटायची पाळी! सत्तावन्न सालचा तो फ्लू, मुंबईची गाडी आली की माणसांबरोबर तापही यायचा. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला तिची वाडी. दाढ भात गिळू देईना, म्हणून तिच्या जावेनं, राहीबाईनं, तिला धरून एस्टीत घातली न महाडला आणली, दातांच्या गुप्ते डॉक्टरांकडे. पण बनुबाईचा जीव दाढेत कुठला? तो घरी, मागच्या पडवीत! तिथं तिचा पोरगा चांगू मुंबईच्या गिरणीतून ताप घेऊन आलेला, आणि तिनं घराबाहेर कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. सासू सांगायची ना, प्लेगात शिपाई यायचे न आजारी माणूस उचलून न्यायचे, परत आलं तर आलं.

आत पाऊल टाकते तर काय, डॉक्टरांच्या तोंडावर फडकं! नाकापासून हनुवटीपर्यंत. स्टोव्हवर पातेलं रटरटतंय न त्यात चिमटे.

"भात टाकलाय का गो ह्यांनी?" राहीबाई कुजबुजली.

बनुबाईला हसू कसलं! हा तोंड का लपवतो? ह्यालाच तर ताप आला नसेल?

"घरी कुणाला ताप?" डॉक्टरांनी लांबूनच विचारलं.

"नाय."

"मुंबईहून कुणी आलंय?"

"आमच्यात कोन येतंय!"

राहीबाई भिंतीकडे बघायला लागली.

डॉक्टर मात्र बनुबाईच्या डोक्याकडे बघत राहिले. महाडला यायचं म्हणजे बाई चापूनचोपून तेल लावून येते, आणि हिचे केस राठ, अंबाड्यात कडुलिंबाचा डहाळा! ताप म्हणजे देवीच आल्या, असं धरून तिनं वाडीच्या रिवाजानं घरात फोडणी बंद केलेली, डोक्याला तेल बंद. तोंड नाय म्हणत होतं न केस सगळं सांगत होते.

"देवी आल्यात का घरी?"

बनुबाई तडकली. "आधी तुमचं फडकं काढा! आमचा इटाळ व्हतो काय? का तुमालाच ताप हाय?"

डॉक्टर दारापर्यंत मागे सरले, फडकं खाली केलं. आत साधंच तोंड. "दिवसभर मी लोकांच्या तोंडात वाकतो, बाई. तुमचा श्वास मला, माझा पुढच्याला. घरी माझं तान्हं पोर आहे. तुम्ही लपवलंत तर मी काय करू?"

"आन सांगितलं तर शिपाय धाडाल!"

"चिमटे उकळतोय, शिपाई कुठून उकळू?"

राहीबाई फिस्सकन हसली न त्या भरात बोलून गेली, "सांग गो, चांगू हाय म्हनून."

झालं! बनुबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"अंगावर फोड?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय. खोकतोय. अंग मोडतंय."

"मग देवी नव्हेत, फ्लू आहे."

त्यांनी खण उघडला तशी ती उठलीच, आता हा वर कळवणार! पण निघालं दुसरं फडकं. "पोराजवळ जाताना बांधा. मग उकळून घ्या." खुर्ची त्यांनी मागच्या अंगणात उघड्यावर नेली, तिथंच दाढ काढली. बनुबाईनं डोळे मिटले नाहीत, सुई टोचली तरी.

संध्याकाळी फडकं बांधून ती पेज घेऊन पडवीत गेली. चांगू भिंतीला सरकला.

"आये, माझा इटाळ व्हतो का गो तुला?"

तिचा हात गाठीवर गेला. सोडावी?

"गप. पेज पी," ती फडक्याआडूनच म्हणाली.

कान मात्र रस्त्याकडे. शिपाई यायचे तर तिकडूनच.