स्टिअरिंगमधली थरथर

"आप्पा, सरळ धरून ठेवा. हलवू नका."

मायाप्पाने सरळच धरलं होतं. त्याच्या मांडीवर एक फळी, फळीवर डब्याच्या झाकणाचं केलेलं छोटं स्टिअरिंग, त्यातून निघालेली लांब वायर आणि वायरीच्या टोकाला अंगणात उभी पत्र्याची गाडी. त्याची लेक विजयमालाने बटण दाबलं. मागच्या दोन मोटरी घुरघुरल्या, गाडी निघाली आणि निघताक्षणी तिची पुढची चाकं डावी-उजवीकडे लटपटायला लागली. गाडी तिरपी जाऊन धुण्याच्या दगडाला धडकली.

शेजारची अक्कम्मा कपडे वाळत घालत होती. "काय वो ड्रायव्हरसाहेब, अक्कलकोटची गाडी बी आशीच नेताव का?"

"तितं कंडक्टर शाना हाय," तो म्हणाला. पण दोन्ही हात त्याने फळीखाली घेतले.

त्याचं सगळं वय सोलापूर–अक्कलकोट एसटीवर गेलं होतं. मागच्या आठवड्यात त्याच वाटेवर, कुंभारी गाव सोडून वळसंगकडे जाताना, स्टिअरिंग हातात थरथरलं. डेपोत मेकॅनिकने गाडीखाली शिरून सगळं पाहिलं आणि म्हणाला, "गाडीत काय न्हाय, मामा." दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी मिळाली. तीही थरथरली. मग त्याने तक्रार करणं सोडलं. येत्या सोमवारी ड्रायव्हर लोकांची डॉक्टरी तपासणी व्हायची होती. घरात त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि आता लेकीचं खेळणंही तेच बोलत होतं.

"माजा हातच हालला आसंल," तो सहज बोलल्यासारखं बोलला.

"तुमचा हात कशाला?" विजयमाला यंदाच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. कुठल्याही गोष्टीचं कारण सापडल्याशिवाय तिला जेवण जात नसे. तिने गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी. "बघा. मागच्या मोटरी बंद असल्या की पुढची चाकं तुमच्या हाताबरोबर नीट वळत्यात. त्या चालू झाल्या की बिघडतं. म्हणजे भांडण तिन्ही मोटरींचं हाय. मागच्या दोघी निघताना सेलचा सगळा जोर ओढून घेत्यात. पुढची, वळवणारी, उपाशी. मग ती चुकती."

"तीन सुना आन एकच भाकरी," अक्कम्मा दोरीपलीकडून म्हणाली.

मायाप्पा हसला. किती दिवसांनी छातीत पुरता श्वास गेला. विजयमाला वळवणाऱ्या मोटरीसाठी वेगळे सेल जोडायला बसली. तारा जोडायच्या तापल्या डाखाचा राळेसारखा वास अंगणभर तरंगू लागला आणि त्या वासात त्याचे डोळे मिटत आले. अंगण लांबत गेलं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी राहिली. पोरं रस्त्याकडेला येऊन हात हलवत होती, मागे कुणीतरी कानडीत हलक्या आवाजात गात होतं, गाडीचा आवाजच येत नव्हता. स्टिअरिंगवर त्याचे हात होते. विहिरीच्या तळाशी दगड पडून असतात, तसे निवांत.

"आप्पा, झालं."

झालं नव्हतं. गाडी सुटली, पण आता पुढची चाकं हलेचनात. विजयमाला नख चावत उभी राहिली, मग स्वतःवरच चिडल्यासारखी खाली बसली. "सेल वेगळे केले आन नातंच तोडून टाकलं मी. निगेटिव्हची तार दोन्हीकडच्या सेलांत एकच पायजे, त्याशिवाय हिला हाताचं कळणार कसं?"

ती तार जोडल्यावर तिने अक्कम्माकडून कपड्यांचा चिमटा मागून घेतला आणि स्टिअरिंग फळीला पक्कं आवळलं. "आधी हाताशिवाय."

गाडी निघाली ती फाटकापर्यंत. धुळीत मागे रेघ उमटली, सूत धरून मारल्यासारखी.

"आता तुमी."

चिमटा निघाला. मायाप्पाने धरलं. गाडी चालली, आणि पुढची चाकं थरथरू लागली. मघाची ती वेडी लटपट नव्हती. ही बारीक होती, एकसारखी, उन्हात डांबरावरची हवा हलते तशी. पहिल्या रेघेशेजारी दुसरी उमटत गेली, पाण्यातून पाहिल्यासारखी.

विजयमाला दोन्ही रेघांकडे पाहत राहिली. त्याच्या हाताकडे तिने पाहिलं नाही.

"एक कपॅसिटर लावते," ती खाली बघतच म्हणाली. "आसलं बारीक हालणं मग चाकापर्यंत पोचणारच न्हाय."

"लाव की. पण मोट्या गाडीला कुटं लावशील? मागं मानसं बसल्याली आस्त्यात, विजू."

मग त्यानेच सांगितलं, कुंभारीचं आणि सोमवारचं. "ठरवलं हुतं, हितं हात नीट चालला तर गप ऱ्हायाचं."

"डॉक्टरला दिसलंच न्हाय तर?"

"मला दिसलं की." त्याने फळी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "उद्या डेपोत मीच सांगून येतो. देत्याल काय तर बैठं काम. चालव तू."

तिने फळी मांडीवर सावरली आणि बटण दाबलं. ऊन कलून अंगण तांबूस झालं होतं. गाडी फाटकाकडून वळली, दगडाला वळसा घालून परत आली, पुन्हा निघाली.

"सावकाश," तो म्हणाला. "फुडं वळसंग हाय."

त्याचे हात मांडीवर मोकळे पडले होते. प्रत्येक वळणावर, विजयमालाने स्टिअरिंग फिरवायच्या जरासं आधी, ते वळत होते.