झमकूबाईंच्या कॉफीचा डबा

मित्रांनो, झाकण जरा हळू उघडा. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. नशिराबादच्या जीवरामभाऊंनी तेलाचा डबा कापून, ठोकून मला घडवलं. तेव्हापासून हातोडीचा आवाज आला तरी माझं झाकण खडखडतं.

दोंडाईच्याच्या रिखबचंदशेठनी मला विकत घेतलं. मिरचीच्या व्यापारासाठी ते दक्षिणेकडे जात. तिथल्या कॉफीची त्यांना अशी गोडी लागली की परत येताना ते चिकोरी मिसळलेली पूड घेऊन येत. ती ठेवायला मी. पूड संपली की त्यांच्या पत्नी झमकूबाई मला पुसून उन्हात ठेवत. "वास धरून ठेवावा तर या डब्यानेच," असं पाहुण्यांना सांगत. तेव्हा मला फार बरं वाटायचं. पुढे शेठ गेले, पण दुपारची चारची कॉफी राहिली. झमकूबाई आणि त्यांची नात विधी समोरासमोर बसून ती पीत. चिकोरी म्हणजे कॉफीसारखीच एखादी बी असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

यंदा थंडी सरता सरता विधीचा भाऊ पुनीत धान्याच्या सौद्यासाठी गुजरातेत जाऊन आला. आल्याबरोबर त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"विधी, चिकोरीचं शेत बघून आलो. जमिनीतून खणून काढतात गं. मुळ्यासारखं मूळ असतं. ते कापतात, वाळवतात आणि भाजतात."

"दादीला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? ती अठाई धरून बसेल."

घर जैनांचं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखालचं काहीही झमकूबाईंनी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. मागच्या पर्युषणात त्यांनी अठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपास केला आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. असा उपास पुन्हा केला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझ्या पोटातल्या पुडीने त्यांचा जीव जाणार, या विचाराने मी गार पडलो.

मग मला चार वाजायचीच भीती वाटू लागली. विधीची पावलं ऐकली की मी झाकण गच्च धरून ठेवायचो. ती नखांनी ओढून ते उघडायचीच. कॉफी करायची, दादीपुढे ठेवायची आणि अभ्यासाचं निमित्त काढून उठून जायची. पुनीत रोज म्हणे, बिनचिकोरीची पूड आणू. पण चव बदलली की दादी विचारील, म्हणून तो आणायचा नाही. मी फडताळात रोज मरत होतो.

एका दुपारी भांडी घासणारी रत्ना सहज बोलून गेली, "अक्का, विधीताई आते कॉफी पेत नही. तिना कप माले दी देस."

झमकूबाईंनी ओठाला लावलेला कप खाली ठेवला. "का गं विधी? का पीत नाहीस?"

विधीला रडूच फुटलं. रडत रडत तिने सगळं सांगितलं. झमकूबाईंनी मला जवळ ओढलं. आता त्या मला अंगणात भिरकावणार, असं मला वाटलं. त्यांनी माझं झाकण तेवढं लावलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"होळीच्या आधी."

आता तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येऊन ठेपली होती.

"मला माहीत नव्हतं, तोवरचं माझ्या माथी नाही," त्या म्हणाल्या. "पण होळीपासून तू स्वतः पीत नव्हतीस आणि मला पाजत होतीस."

"तू उपास धरशील म्हणून आम्ही दोघं घाबरलो, दादी."

"उपास धरायचा की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस."

त्यांनी एकच उपास केला. पुनीत आणि विधी दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरत होते, पण बाई ठणठणीत राहिल्या. ज्याची सगळ्यांना एवढी धास्ती होती, ते घडलंच नाही.

घडलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी चार वाजता विधीने त्यांच्यापुढे सुंठेचं गरम पाणी ठेवलं. झमकूबाईंनी कप उचलला नाही. आधी विचारलं, "यात काय काय घातलंयस?" विधीने सांगितलं, तेव्हा कुठे त्या प्यायल्या. आता ताट समोर आलं की त्या रोज विचारतात. मुलांच्या हातचं निमूट जेवणारी बाई ती.

मी धुऊन पुसून रिकामा माळ्यावर बसलो आहे. खालून भंगारवाल्याची हाळी आली की अजून छाती धडधडते. पण त्याहून मी घाबरतो तो रोज ताटावरच्या त्या एका प्रश्नाला. मित्रांनो, डबे जपा, पुसा, उन्हात ठेवा. आणि ज्यांना तुम्ही जेवू घालता, त्यांना आत काय आहे ते वेळेवर सांगा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.