जिन्यातलं वाक्य

माझ्या बायकोला बक्षिसं पुष्कळ मिळाली, पण अभिनयाचं मोठं बक्षीस कधीच मिळालं नाही. हिंदी सिनेमात ती आधी नायिकेची मोठी बहीण झाली, मग नायकाची वहिनी, मग दोघांचीही आई. आयांना कंटाळली तेव्हा स्वतःच सिनेमे काढायला लागली. दिग्दर्शनासाठी तिला मान मिळाला, सहायक भूमिकांसाठी मिळाला. मुख्य भूमिकेच्या यादीतही नाव यायचं. आम्ही नटूनथटून समारंभाला जायचो आणि पुकारा दुसऱ्याच कुणाचा व्हायचा. ही सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायची. परतताना गाडीत म्हणायची, "पाहिलंत? हरल्यावर आनंद झाल्याचा अभिनय किती झकास केला मी! निदान त्याचं तरी द्या म्हणावं."

मी साऊंड रेकॉर्डिस्ट. तिच्या सगळ्या सिनेमांचा आवाज मीच घेतला. घरी बायकोचं ऐकतो आणि कामावरही तिचंच, असं लोक चिडवायचे. खोटं नव्हतं ते.

हल्ली बरेच जण शूटिंगच्या वेळचाच आवाज सिनेमात ठेवतात. ही जुन्या वळणाची होती. नंतर स्टुडिओत येऊन सगळं परत बोलायची, म्हणजे डबिंग करायची. "एकाच कामाला दोनदा संधी मिळते. आयुष्यात मिळते का कुठे?" असं तिचं म्हणणं. शूटिंगच्या वेळी आम्ही जो आवाज नुसता अंदाजासाठी घेतो त्याला पायलट म्हणतात. तो पुढे टाकूनच द्यायचा असतो. डबिंगला आली की पात्र जसं असेल तशी ती बसायची. पात्र फरशी पुसत असेल तर ही स्टुडिओत ओणवी, आणि मी माईक घेऊन तिच्यासमोर पालथा.

शेवटच्या सिनेमात दिग्दर्शन तिचंच होतं आणि मुख्य कामही. डबिंग सगळं झालं, एक प्रसंग तेवढा राहिला. "आज घसा साथ देत नाहीये, उद्या करू," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती परत आली नाही.

राहिलेला प्रसंग सिनेमाच्या अगदी शेवटचा, लहानसा आहे. शिकवण्या घेणारी एक बाई मुलीबरोबर जिना चढतेय, दोन्ही हातांत पिशव्या. मध्येच थांबते, कठड्याला टेकते आणि वर गेलेल्या मुलीला म्हणते, "तू चल, मैं आती हूँ।" एवढंच. पायलटमध्ये हे वाक्य होतं, पण त्याच वेळी खाली इमारतीचा पाण्याचा पंप घरघरत होता. तो जरा बंद ठेवा, असं सांगायला मी गेलो, तर तिथल्या एका आजी म्हणाल्या, "तुमचा सिनेमा दोन वर्षं चालेल, आमचं पाणी एकच तास येतं." हिने वरून ते ऐकलं आणि हसत सुटली. "राहू दे हो. डबिंगला घेऊ."

आता ती नव्हती, आणि वाक्य हवं होतं.

आमचा निर्माता वयाने लहान, मला दादा म्हणतो. तो घरी आला तो खुशीत. "दादा, ज्यांनी ज्यांनी पाहिलाय ते सगळे म्हणतात, यंदा अभिनयाचं ताईंनाच. फक्त तो नियम..." नियम मला ठाऊक होता. कलाकाराचा आवाज त्याचा स्वतःचाच हवा. एखादं वाक्य जरी दुसऱ्या कुणी बोललेलं असलं, तरी त्या बक्षिसासाठी नाव धरत नाहीत.

माझी मेहुणी तिथेच बसली होती. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो. दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते, स्वतःचं बंद ठेवणं मात्र तिला जमत नाही.

"मी बोलते ना ते वाक्य," ती म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

कळलं नसतं, हे खरं. दोघी बहिणींचा आवाज म्हणजे एक झाकावा आणि दुसरा काढावा. लग्नाआधी मी एकदा फोनवर बराच वेळ मनातलं काय काय बोलत होतो, आणि शेवटी पलीकडून उत्तर आलं, "भाऊजी, ताई केस धुतेय. पण तुम्ही थांबू नका, छान चाललंय."

"धाकटे, ही फसवणूक आहे," मी म्हटलं.

"कोणाची? ताईला तीस वर्षं हुलकावणी दिली त्यांची? होऊ दे की."

निर्माता छताकडे बघत बसला. मी म्हटलं, आधी मला पायलट साफ करून बघू दे. जमलं तर प्रश्नच मिटला.

मी ते काम घेऊन बसलो. पंपाची घरघर थोडी थोडी करून काढत गेलो. हात कामात असला की बरं वाटायचं, आणि दिवसभर तिचा आवाज कानावर पडायचा, तो फायदा वेगळाच. शेवटी वाक्य असं स्वच्छ निघालं की मला माझाच अभिमान वाटला.

तरीसुद्धा धाकटी स्टुडिओत आली. "एकदा घेऊन तर ठेवा." हातात दोन पिशव्या घेऊन आली होती. बहिणीची पद्धत तिला माहीत होती. दोनचार वेळा बोलली आणि गप्प माझ्या मागे येऊन उभी राहिली. मिक्सिंग करणारी माझी जुनी सहकारी पडद्यावरच्या चित्राला दोन्ही आवाज आळीपाळीने लावणार होती.

"सर, कुठला कुठला ते सांगत नाही. तुम्हीच ऐका."

तिने एक लावला. मग दुसरा लावला. पडद्यावर ती कठड्याला टेकलेली, ओठ हलले, आणि माझ्या अंगावर काटा आला.

"दुसरा," मी म्हटलं. "यात शंकाच नाही. ही तीच."

मागून आवाज आला, "भाऊजी, ती मी आहे."

मी उठून बाहेर गेलो आणि तोंडावर पाणी मारलं. जन्मभर कानांवर पोट भरलं, आणि बायकोचा आवाज मला ओळखता आला नाही. परत आलो तेव्हा धाकटी कोपऱ्यात डोळे पुसत होती. "चुकलं माझं. मी यायलाच नको होतं," म्हणाली.

"तुझं नाही चुकलं. मूळ पायलट लाव," मी मिक्सिंगवालीला म्हटलं. "मी हात लावायच्या आधीचा."

पंप घरघरायला लागला. 'तू चल' झालं आणि पुढच्या शब्दाआधी तिचा श्वास अडकला, तो तिने गिळला, मग बाकीचं वाक्य आलं. हा दम काही अभिनयाचा नव्हता. तेव्हाच तिला जिना चढवत नव्हता, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. तो श्वास खोल, पंपाच्याच पट्टीतला. पंप पुसताना मी तोही पुसला होता. उरलेल्या वाक्यात शब्द तेवढे होते, बाई नव्हती.

"हाच ठेवायचा," मी म्हटलं.

निर्मात्याने कपाळाला हात लावला. "दादा, सगळा सिनेमा आरशासारखा स्वच्छ आणि शेवटी ही चक्की? परीक्षक म्हणतील, यांचं मशीन बिघडलं."

त्याचंही चूक नव्हतं. म्हणून मी त्या इमारतीत पुन्हा गेलो, नुसता पंप रेकॉर्ड केला आणि आधीच्या प्रसंगांत तो लांबून ऐकू येईल असा पेरला, म्हणजे शेवटी एकदम दचकायला नको. आजींनी विचारलं, "बाई नाही आल्या?" मी सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि पंप बंद होईपर्यंत जवळ बसून राहिल्या.

सिनेमा स्पर्धेला गेला. दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. अभिनयाचं दुसरीला गेलं. एका परीक्षकाने नंतर निर्मात्याला सांगितलं की शेवटी आवाज नीट नाही, असं दोघातिघांचं मत पडलं.

धाकटी तणतणत घरी आली. चप्पल एक इकडे, एक तिकडे.

"माझ्या आवाजात पाठवलं असतं तर मिळालं असतं!"

"मिळालं असतं," मी म्हटलं. "पण ते तुला मिळालं असतं."

"मग काय बिघडलं असतं? घरातच राहिलं असतं ना!"

मला हसू आलं, ते आवरेना. ती आणखी भडकली, आणि भडकता भडकता रडायला लागली. मी शेजारी बसून राहिलो. तिने नाक पुसलं.

"ताईला वाईट वाटलं असतं का हो?"

"वाटलं असतं. पण तुला कळू दिलं नसतं."

"आणि तुम्हाला कळू दिलं असतं?"

"मला ऐकू आलं असतं."