डाव्या पायाचे काम मी करतो

मित्रांनो, मला भंगार म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पण आधी माझे चेंबर, म्हणजे बुडाशी असलेले तेलाचे भांडे, उघडा, आत नीट डोकावून पाहा आणि मग तोंड उघडा. मी एक जुना गिअरबॉक्स आहे, आणि तोही ऑटोमॅटिक. माझ्या गाडीला क्लच नाही. चालवणाऱ्याचा डावा पाय नुसता बसून राहतो आणि त्याच्या वाटचे काम माझ्या पोटातले लाल तेल करते. ते तेल दाबाने बारीक बारीक वाटांतून पळते आणि गिअर बदलत जातात. लोकांना वाटते आपोआप बदलतात. आपोआप काही होत नाही, मित्रांनो. मी राबतो म्हणून होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला जोडायच्या खोलीत धुळीचा कण येऊ नये म्हणून माणसे डोक्याला टोपी बांधून काम करत. एवढे लाड नंतर कुणी केले नाहीत. तिथून मी एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसून वाशीमच्या दुलीचंद शेठजींकडे आलो. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांनी मला पसंत केले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "गाडी नाही, पाळणा आहे पाळणा!" मी फुशारून जात असे. पुढे शेठजी घरीच बसले. त्यांचा नातू श्रेयांस याला मी मंद वाटलो. त्याने मोठी गाडी आणली आणि मला गोदामामागे ताडपत्रीखाली ढकलले. दोन वर्षे तिथे चिमण्यांनी माझ्यावर संसार मांडला.

मग रीता आली.

रीता वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या एका बंजारा तांड्यावर राहते आणि मालेगावात कॉम्प्युटरचे वर्ग घेते. लहानपणीच्या आजाराने तिचा डावा पाय बारीक राहिला. क्लच दाबणे त्या पायाला जमत नाही. तिचा मोठा भाऊ धनराज तिला मोटारसायकलवर नेऊन सोडायचा. वर्ग संपला, की धनराजचे बाजारातले काम आटोपेपर्यंत ती स्टँडच्या बाकावर बसून राहायची. कधी तासभर, कधी दिवस मावळेपर्यंत. हे तिने मला सांगितले नाही, पण मला विकत घेऊन आणले त्या पहिल्या दिवशी ती माझ्या गाडीत ज्या पद्धतीने ताठ बसली, त्यावरून मला कळले.

त्या दिवशी अख्खा तांडा बाहेर आला होता. म्हाताऱ्या सेवादासने खिडकीत डोके घालून विचारले, "अन् गिअर कोन टाकते वं पोरी?"

"हा टाकते," असे म्हणून रीताने माझ्या दांड्यावर थाप मारली. मित्रांनो, त्या एका थापेवर मी चार वर्षे कुरकुर न करता चाललो.

पण तेल कुठवर पुरणार? लाल होते ते काळपट झाले. गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका वाचून रीताच्या ते ध्यानात आले आणि तिने मला मालेगावच्या जगदेव मिस्त्रीकडे नेले. माणूस ट्रॅक्टरच्या कामात एक नंबर. त्याने तेल बदलले, तेही योग्य तेच घातले. फक्त एक केले. सवयीप्रमाणे माझे चेंबर कापसाच्या सुताच्या बोळ्याने घासूनपुसून लख्ख केले आणि तेल गाळणारी माझी जाळीही त्याच बोळ्याने कोरडी करून परत बसवली. आमचा मुलूख कापसाचा. इथे हात पुसायला कापूस, यंत्र पुसायलाही कापूस. ट्रॅक्टरचे जाडजूड दात असल्या धाग्यांना मोजत नाहीत. माझ्या वाटा मात्र सुईच्या जाडीच्या आहेत.

तीन आठवडे मी कण्हत चाललो. एका सकाळी तांड्याजवळच्या चढावर इंजिन गरजत राहिले आणि गाडी जागची हलेना. धनराजने ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढत आणले. जगदेव मिस्त्री येऊन गेला. त्याने गाडीखाली वाकून पाहिले आणि मान हलवली.

"आटोमॅटिक हाय, ताई. आपल्या इकडं हे कोनी खोलत नाई. गेला समजा."

गेलो? मी तर तिथेच होतो, त्याच्या डोक्यावर! मला उघडायचे धाडस नव्हते त्याला, आणि मेल्याचा दाखला मात्र माझा.

धनराज वाईट नाही. बहिणीची गाडी भर रस्त्यात पुन्हा बंद पडेल, या धास्तीने त्याने परस्पर निर्णय घेऊन टाकला. "सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला. म्या त्याले हो म्हनलं."

"गाडी माही, अन् हो म्हनलं तू?"

"बंद गाडीचं काय लोनचं घालशीन? मी हाओ ना. पयल्यासारका सोडून देत जाईन तुले."

रीताचा आवाज चढला नाही, पण हात माझ्या दांड्यावर घट्ट आवळला गेला. "मले कोनी सोडून द्यावं, असं नाई पायजे, दादा. मले जायाचं असते."

नवी जाळी, पॅकिंग आणि लाल तेल तिने मागवले होतेच. ते शनिवारी आले. हातात उरला फक्त रविवार.

सकाळी अंगणातल्या सपाट जागेवर तिने जॅक लावून चारही बाजूंनी गाडी उचलली आणि खाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकू द्यायचे जाड सागवानी ओंडके सरकवले. गाडी हलवून हलवून पाहिली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्यांपैकी ती नाही. थोडा वेळ इंजिन चालवून तेल कोमट केले, इंजिन बंद केले, आणि गोणपाटावर आडवी होऊन ती खाली सरकली. तिची आई कमलीबाई घमेले घेऊन बाजूला बसली. धनराज ओट्यावरून हाताची घडी घालून पाहत होता.

बोल्ट सुटला आणि तेल घमेल्यात पडले. रीताने थेंबभर बोटांवर चोळून वास घेतला. मग चेंबरचे बोल्ट एकेक करून काढले आणि चेंबर खाली उतरवले. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला होता. चेंबरच्या तळाशी एक लोहचुंबक असते. आतले दात तुटले असतील, तर त्यांचे तुकडे तिथे सापडतात. रीताने चुंबक उचलून उजेडात धरले. त्यावर पिठासारखा बारीक करडा लेप होता. तुकडा एकही नव्हता.

"दात साबूत हायेत, याडी!" ती खालूनच ओरडली. आईला ती याडी म्हणते.

मग जाळी निघाली. तिच्या तोंडावर जाड, बुळबुळीत थर साचला होता. कमलीबाईने जाळी हातात घेतली, थराचा एक तुकडा चिमटीत धरून ताणला आणि म्हणाली, "रीते, हा कचरा नाई. हा कापूस हाय."

"तेलात कापूस कुठून येईन?"

"ते मले काय माईत? पन सारी उमर वेचनीत गेली माही. बोटाले कापूस समजत नाई काय?"

रीताने तो थर बोटांनी चोळून पाहिला. मग तिला मिस्त्रीच्या हातातला तो बोळा आठवला. मी तर तीन आठवडे हेच ओरडत होतो! माझे तेल आटले नव्हते, माझे दात झिजले नव्हते. माझा घसा चोंदला होता, आणि तो त्या बोळ्याने चोंदवला होता.

तिने चेंबर पेट्रोलने धुतले. कमलीबाईने सवयीने पदराकडे हात नेला. पदर सुती होता. हात तसाच थांबला. ती उठून घरात गेली आणि घडी न मोडलेली नायलॉनची साडी घेऊन आली.

"याडी, ते म्या देल्लेली साडी हाय!" धनराज ओट्यावरून उठलाच.

"हो. हिनं घाम पुसल्या जात नाई. चेंबर तरी पुसू दे."

त्या साडीने मला पुसले. नवी जाळी बसली, नवे पॅकिंग बसले. बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे, हलक्या हाताने आवळले गेले. मग ओंडके काढून गाडी जमिनीवर आली आणि तेल मोजायच्या दांडीच्या नळीतून लाल तेल माझ्या पोटात उतरू लागले. घमेल्यात निघाले होते तेवढे मोजून घातले. धनराज पुढे आला, त्याने दांडी ओढून पाहिली आणि फर्मावले, "भरलं. बस कर."

"ट्रॅक्टर नोहे हा, दादा. याचं तेल इंजन चालू ठिवून पाह्यचं असते."

तिने इंजिन सुरू केले, ब्रेकवर पाय ठेवून माझा दांडा एकेका जागी नेऊन परत आणला. धनराजने पुन्हा दांडी ओढली आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अरे, हे तं खाली गेलं!" मग कुणी न सांगता त्यानेच नरसाळे उचलले आणि कपाकपाने तेल घालत, दर वेळी दांडी त्या साडीला पुसत, खुणेपर्यंत आणले. मला त्याच्यावर रागावायचे होते. जमले नाही.

सोमवारी सकाळी रीता बसली. शेजारी धनराज बसला, चढावर गाडी थांबली तर ढकलायला म्हणून. तोच चढ आला. मी पहिला गिअर धरला, तेल सळसळत आले, आणि मी गाडी अशी वर नेली की धनराजने दाराची मूठ सोडून दिली. माथ्यावर एक टेम्पो समोरून आला. चालकाने डोके बाहेर काढून विचारले, "बंद गाडी न्याची हाय, तो तांडा हाच काय?"

रीताने गाडी थांबवली. तिने भावाकडे पाहिले.

धनराज खिडकीकडे वाकला. "बंद नाई आता. जा वापस."

मालेगावच्या स्टँडपाशी रीताने गाडी थांबवली. "उतर, दादा. माहा वर्ग सुटला की घ्याले येतो. तोवर त्या बाकावर बसजो."

तो हसला, आणि खरेच जाऊन बसला. रीता पुढे जगदेव मिस्त्रीकडे गेली. काळे तेल नालीत न ओतता तिने कॅनमध्ये भरून आणले होते. ते त्याच्या स्वाधीन केले आणि सोबत तो कापसाचा थरही त्याच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रीने तो बोटांनी ताणून पाहिला. आता त्याच्या दुकानात माझ्या जातीसाठी एक नायलॉनचे फडके वेगळे टांगलेले असते.

तर मित्रांनो, मी दयेची भीक मागत नाही. तेल काळे पडले, तर बदला. जाळी बदला. मला सुताने पुसू नका. आणि ज्याला उघडून पाहिलेले नाही, त्याला गेला म्हणू नका, मग तो गिअरबॉक्स असो नाहीतर माणूस. रीताच्या डाव्या पायाची काळजी कुणी करू नये. ते काम माझ्याकडे आहे.